घटामागची ओल

मी एक जुना गिलावा आहे. खरं तर 'होतो' म्हणायला हवं, कारण आता मी भिंतीवर नाही. ज्या घराला मी ऊन-पावसातून झाकलं, त्याच घराच्या दारापुढच्या खळग्यात मी तुकडे होऊन पडलो आहे. माझ्यावरून माणसं जातात, मेंढरं जातात, दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटारसायकली जातात. तक्रार नाही माझी. खळगा भरला, दारातला चिखल हटला, तेवढाच उपयोग. पण मित्रांनो, मातीत पुरता मिसळून जाण्याआधी एकदा माझी हकिकत तुम्हांला सांगावी असं वाटतं. तुमच्याही घराला भिंत असेल. तिच्यावर माझ्यासारखा कोणीतरी असेल. त्याला बोलता येत नाही, म्हणून मी बोलतो.

आमचं गाव उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाची शीव जवळ आली की लागतं. तिथं बिराप्पा नावाचे गृहस्थ राहतात. जन्मभर त्यांनी मेंढरं राखली. पावसाळ्यात माळावर, उन्हाळ्यात कुणाच्या तरी रानात, असं त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा मुलगा वैजनाथ शिकला आणि एस.टी.त कंडक्टर झाला. बापानं उघड्यावर काढलेल्या रात्री त्याला आठवत होत्या, म्हणून त्यानं पहिलं काम केलं ते पक्क्या विटांचं घर बांधायचं. त्या घराची उगवतीकडची भिंत म्हणजे माझं जन्मस्थान.

गुंडाप्पा गवंड्यानं मला बनवलं. सिमेंट आणि ओढ्याची चाळलेली वाळू कालवून त्यानं मला थापीवर घेतलं आणि सपकन भिंतीवर मारलं. पहिला स्पर्श अजून आठवतो. विटा तहानलेल्या होत्या. त्यांनी मला घट्ट धरलं, आणि मीही त्यांना धरलं. मग रंधा फिरला, ओळंबा लागला, आणि संध्याकाळच्या आत मी एकसारखा, सरळ, ओलसर करडा असा उभा राहिलो.

जाताना गुंडाप्पा वैजनाथला म्हणाला, "साहेब, माझं काम झालं, आता तुमचं सुरू. सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. गिलावा म्हंजी बाळंतीण हाय. पहिल्यांदा जपलं तर जन्मभर टिकतंय."

पण दिवस ऐन उन्हाळ्याचे होते. अक्षय्य तृतीयेला घरभरणी करायची ठरलेली, म्हणून कामाची घाई झाली होती, आणि गावात पाणी नव्हतं. हापशाला दांडा मारून मारून हात भरून यायचे तेव्हा घागर भरायची. वैजनाथ ड्युटीवर. मग माझं पाणी कोणी मारायचं?

ते मारलं महानंदानं. ती वैजनाथची बायको, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. पहाटे उठायची, आंघोळ करायची, तुळशीला पाणी घालायची, देवीपुढे दिवा लावायची आणि मग घागर घेऊन माझ्याकडे यायची. मंगळवार आणि शुक्रवार तिचे उपवास. तरी त्या दिवशीही घागर चुकली नाही. तांब्यानं पाणी घ्यायची आणि माझ्यावर शिंपडायची. मी ते गटागटा प्यायचो.

ओट्यावर बसलेले बिराप्पा बघायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, भिंतीला रोज न्हाऊ घालतीस. सासऱ्यालाबी एक तांब्या वत की, अंगाला मेंढराचा वास यायलाय."

ती पदर तोंडाला लावून हसायची. "मामा, तुमच्यासाठी बादली ठिवलीय न्हाणीत. तुमीच जात न्हाय."

असे ते दिवस होते. पण एक गोष्ट राहून गेली. महानंदा अंगानं लहानशी. तिचा तांब्या जिथवर पोचायचा तिथवरच पाणी पोचायचं. खिडकीच्या डोक्यापर्यंत मी भिजलो आणि दगडासारखा झालो. त्याच्या वर, गच्चीच्या कठड्यापर्यंत, मी कोरडाच वाळलो. बघणाऱ्याला दोन्हीकडे सारखाच दिसत होतो. मला मात्र ठाऊक होतं, माझी खालची बाजू पोसलेली आहे आणि वरची उपाशी.

तरीही माझी चांगली वर्षं पुष्कळ गेली, मित्रांनो. पावसात मी भिजायचो आणि उन्हात वाळायचो. आत गेलेलं पाणी माझ्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन निघून जायचं. तोच माझा श्वास. वरच्या बाजूला केसासारख्या बारीक चिरा पडल्या. कठड्याचा माथा सपाट सोडलेला होता, त्याला उतार नव्हता, म्हणून तिथून पाणी आत झिरपायचं. कधी एखादा पोपडा सुटून ओट्यावर पडायचा. पडताना फार तर टप असा आवाज व्हायचा. ते माझं सांगणं असायचं, की बाई, इकडे बघ.

आणि महानंदा बघायची. दर वर्षी भाद्रपद संपता संपता ती घर काढायची. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातली वाकळ न् वाकळ धुतात, डबा न् डबा घासतात, भिंती पांढऱ्या करतात. ती शिडीवर चढायची, सुटलेली जागा खरवडायची, चिरेत चुना-वाळू भरायची आणि मग निळीची चिमूट टाकलेला चुना माझ्यावर फिरवायची. कामाच्या आधी तळवा माझ्यावर ठेवून थोडा वेळ थांबायची. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. दसऱ्याला येणारी बायामाणसं म्हणायची, "महानंदाचं घर दुधानं धुतल्यागत दिसतंय." मला फार बरं वाटायचं.

माझ्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीच्या घरातल्या बाजूला, देवघराची जागा होती. तिथंच दर नवरात्रात घट बसायचा. त्यामुळे देवीची आरती मी पाठीनं ऐकत आलो. आणि बाहेरच्या अंगाला, ओट्यावर, सकाळच्या उन्हात बिराप्पा पाठ टेकून बसायचे. मेंढरं पुतण्याकडे दिल्यावर ते तिथंच बसून चातीवर लोकर कातायचे. चाती म्हणजे सूत कातायची लाकडी फिरकी. अशी देवी एका अंगाला आणि म्हातारा दुसऱ्या अंगाला. मधे मी. यापेक्षा काय हवं असतं एखाद्या गिलाव्याला?

पुढे वैजनाथची मुलगी करिश्मा मोठी झाली. परंड्याकडचे पाहुणे तिला बघायला येणार असं ठरलं. वैजनाथच्या मनात आलं की घर जरा बरं दिसावं. हायवेवरच्या नव्या बंगल्यांना असतं तसं खरखरीत, रंगीत टेक्श्चर आपल्यालाही हवं. त्यानं उमरग्याहून सोमलिंग नावाच्या ठेकेदाराला आणलं.

सोमलिंगनं मोबाइलवर रंग दाखवले. करिश्मानं मोसंबी रंग निवडला. महानंदा हळूच म्हणाली, "भाऊ, वरच्या अंगाला चिरा हायत. अन् कठड्यातनं पाणी उतरतंय. ते आधी बघता का?"

"ताई, काळजीच नका करू. हे कंपनीचं मटेरियल हाय. एकदा मारलं का चिरा आत गडप. वर पाण्याचा थेंब टाका, घरंगळून जातोय का न्हाय बघा."

"पण जुनं खरवडावं लागंल न्हवं?"

वैजनाथ म्हणाला, "अगं, त्यास्नी त्यांचं काम करू दे. पाहुणे आठवड्यावर आल्यात."

मला खरवडलं नाही. माझ्या चिरांवर पुट्टी ओढली. त्यावर बारीक जाळी चिकटवली आणि जाळीवर तो रबरासारखा चिवट थर चढवला. खिडक्यांभोवती थर्माकोलच्या पट्ट्या बसवल्या, त्यांना दगडाच्या नक्षीचा रंग दिला. बिराप्पांनी काठीचं टोक एका पट्टीला लावलं तर ते आत रुतलं.

"वैजा, ही भिंत हाय का वरातीतला घोडा रं? वरनं झूल, आत पेंढा."

"आबा, काठी लावू नका! नवं काम हाय."

"बरं बाबा. आता भिंतीलाबी इच्यारून टेकावं लागंल."

पाहुणे आले, त्यांनी घर बघितलं, मुलगी बघितली. पसंती झाली. पुढच्या वर्षीची दिवाळी झाल्यावर लग्न करायचं ठरलं. गल्लीतली पोरं माझ्यापुढं उभी राहून फोटो काढायची. रस्त्यानं जाणारा मान वळवून बघायचा. एवढं कौतुक मला आयुष्यात मिळालं नव्हतं. पण मित्रांनो, ते कौतुक माझं नव्हतं, झुलीचं होतं. झुलीखाली मला कोंडल्यासारखं होत होतं.

सोमलिंग बोलला ते खोटं नव्हतं. समोरून आलेला थेंब खरंच घरंगळून जायचा. पण कठड्याच्या माथ्यातून, खिडकीच्या कोपऱ्यातून, थर्माकोलच्या सांध्यातून पाणी आत उतरतच होतं. पूर्वी आलेलं पाणी मी उन्हात सोडून द्यायचो. आता वाटच उरली नव्हती. भिजलेल्या मेंढरावर कातडं ओढून शिवून टाकावं, तसं झालं होतं माझं. पहिला पावसाळा मी पोटात साठवला. तो उन्हाळ्यातही पुरता वाळला नाही. दुसरा त्यावर आला. माझी विटांवरची पकड, जिथं लहानपणी पाणी पोचलं नव्हतं तिथं, बोटाबोटानं सुटत गेली. पोपडे तेव्हाही सुटत होते, पण खाली पडत नव्हते. जाळी त्यांना जागच्या जागी धरून ठेवायची. टप असा आवाज करून हाक मारायची सोयही राहिली नाही.

आणि गंमत बघा, माझ्या या दुखण्याचं घरात सगळ्यांना सुखच वाटलं.

बिराप्पा पाठ टेकून म्हणायचे, "आता ही भिंत लई गार लागती. उन्हाळ्यातबी माठाला टेकून बसल्यागत वाटतंय. वैजानं काम बरं केलं बरं का." चाती फिरवत ते तासन्‌तास तिथं बसायला लागले. करिश्माच्या लग्नात तिला द्यायला आपल्या हातच्या सुताचं घोंगडं विणून घ्यायचं त्यांनी मनात धरलं होतं. "नात सासरला जाती, तिच्या अंगावर आज्याची ऊब पायजे," म्हणायचे.

त्या दुसऱ्या वर्षी पाऊस पाऊस नव्हता, पूर होता. भाद्रपदात ओढे-नाले फुटले, सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. सर्वपित्रीला थोडं उघडलं आणि दुसऱ्या दिवशी घट बसले. महानंदानं पत्रावळीवर काळी माती पसरली, सात धान्यं पेरली, मधे मातीचा घट ठेवला, पाच पानं, नारळ, आणि तरवडाच्या फुलांची पहिली माळ. अखंड दिवा लावला. नऊ दिवस ती एकभुक्त राहायची, जमिनीवर झोपायची, पायात चप्पल घालायची नाही. आमच्याकडं घट बसला की तो हलवायचा नसतो. त्या घरात ठोकाठोकी करायची नसते, खिळासुद्धा भिंतीत मारायचा नसतो. देवी बसली आहे, तिला हादरा बसू नये, अशी भावना. या नेमाचं पालन महानंदाइतकं गावात कोणी करत नसेल.

चौथ्या माळेलाच घट असा तरारून आला की बघणाऱ्यानं बघत राहावं. शेजारची दीपमाला आरतीला आली आणि तिनं हातच जोडले.

"अगंऽ बाई, महानंदा, तुझ्या घटाला देवी पावली गं! आमचा बघ, उंदराच्या शेपटीएवढा. काय घालतीस काय?"

"काय न्हाय घातलं. सकाळी दोन थेंब शिंपडते, तेवढंच."

"मग ही देवीच. घट असा आला म्हंजी वरीस भरून येतंय. लेकीचं लग्न गाजणार तुझ्या."

आमच्याकडं घटातल्या धानावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधतात. म्हणून सगळ्यांना आनंद झाला. वैजनाथनं फोटो काढून परंड्याच्या पाहुण्यांना पाठवला. फक्त मला ठाऊक होतं ते पाणी कुठून येत होतं. माझ्या पोटातली ओल विटांतून झिरपत आतल्या बाजूला गेली होती आणि भिंतीला लागून असलेल्या पत्रावळीत उतरत होती. देवीचा कोप नव्हता आणि चमत्कारही नव्हता. मी रडत होतो, आणि धान्य ते पीत होतं.

ललिता पंचमीच्या संध्याकाळी महानंदा दिव्यात तेल घालत होती. तोल सावरायला तिनं भिंतीला हात लावला आणि हात तसाच राहिला. रंग फुगला होता. बोटाखाली पिठासारखा पांढरा लोणा, म्हणजे ओलीनं वर आलेला क्षार, लागला, आणि त्याच्याखाली ओलं. तिनं बोटं नाकाशी नेली, मग बाहेर आली. माझ्यावर, वरच्या बाजूला बघितलं. ओट्यावरच्या बल्बच्या तिरप्या उजेडात माझं पोट दिसत होतं. पुरीसारखं फुगलेलं. तिनं काठी घेतली आणि वाजवलं. खाली ठण वाजलं, वर ढब.

वैजनाथ ड्युटीवरून आल्या आल्या ती म्हणाली, "अहो, भिंत सुटलीय. वरचा सगळा गिलावा पोकळ वाजतोय. गुंडाप्पाला सांगून उतरवून घ्यायला पायजे."

"पाऊस काय कमी झालाय का? ओल धरली असंल. वाळंल."

"वाळायला वाट कुठाय? वरनं कातडं बांधलंय तिला."

तो वैतागला. "मग काय करू? घट बसल्यात. देवीच्या पाठीवर छिन्नी-हातोडा लावू? तूच म्हणतीस ना, खिळासुद्धा ठोकायचा न्हाय? दसरा होऊ दे. घट उठले का दुसऱ्या दिवशी गुंडाप्पा."

महानंदा पुन्हा देवघरात गेली. तिच्याच नेमानं तिचं तोंड बंद केलं होतं.

पण तिला चैन पडेना. सकाळी तिनं बिराप्पांचं घोंगडं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन अंथरलं.

"मामा, दसऱ्यापतोर हिकडं बसा."

"का गं? भिंतीनं माझी तक्रार केली का काय?"

"वरचा गिलावा सुटलाय मामा. आयका माझं."

"तिकडं ऊन न्हाय येत. अन् हितं पाठीला गार, पायाला ऊन. असली जागा राजाला मिळत न्हाय." थोड्या वेळानं त्यांनी घोंगडं उचललं आणि पुन्हा माझ्याखाली येऊन बसले. तिनं परत हलवलं. त्यांनी परत आणलं. "तू तुझा नेम पाळ, मी माझा पाळतो," म्हणाले आणि चाती फिरवायला लागले. सूत कातून होत आलं होतं. थोडीच लोकर उरली होती.

मित्रांनो, ते पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पाठीमागं आरती चालायची, खाली चातीचा बारीक आवाज यायचा, आणि मी खालच्या पोसलेल्या भागाच्या आधारानं वरचा भाग धरून ठेवायचो. जिथवर महानंदाचा तांब्या पोचला होता, तिथवरचा मी धरून होतो. त्याच्यावरचं सगळं वजन जाळीला लोंबकळत होतं.

अष्टमीची सकाळ. ऊन चांगलं पडलं होतं. महानंदा देवघरात बसली होती. हातात झेंडूची माळ होती, पण ती घटाकडे नाही, भिंतीकडे बघत होती. आता ओल खाली जमिनीपर्यंत आली होती. मी तिला मोठ्यानं बोलताना फारसं ऐकलेलं नाही. त्या दिवशी ऐकलं.

"आई," ती देवीला म्हणाली, "तुझा घट मी हलवते. गुंडाप्पाला बोलावते. तुला हादरा बसंल, पण तू माझी आई हायस, तू समजून घेशील. त्या म्हाताऱ्याला दुसरं कोण न्हाय बघणारं. मला पाप लागलं तर लागू दे."

हे ऐकून मला वाटलं, सुटलो. मग तिनं हातातल्या माळेकडं बघितलं. आजची माळ घालायची राहिली होती. "एवढी माळ घालते अन् जाते," ती म्हणाली. उठली, घटावर माळ बांधायला लागली. गाठ नीट बसेना, तिनं सोडून पुन्हा मारली.

तेवढ्यात जाळी फाटली.

मी थोडा थोडा नाही पडलो. तसा पडलो असतो तर बरं झालं असतं. कठड्यापासून खिडकीपर्यंतचा मी, माझ्यावरचा तो चिवट थर, थर्माकोलच्या नक्षीसह, एका तुकड्यात, पाटीसारखा खाली आलो. ज्या पाठीला मी इतकी वर्षं टेका दिला, त्याच माणसावर मी आलो. आवाज झाला, धूळ उडाली, आणि चाती घरंगळत रस्त्यावर गेली.

महानंदा धावत बाहेर आली. तिनं हातांनी माझे तुकडे उचलून फेकले. नखं फुटली तिची. गल्लीतली माणसं आली, जीप आली, बिराप्पांना उमरग्याला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि खांद्याला मार होता. मी पुढं ऐकलं, शुद्धीवर आल्यावर त्यांनी मुलाला बघितलं आणि म्हणाले, "वैजा, भिंतीनं मिठी मारली रं मला. जरा जोरातच मारली." वैजनाथला हसू आलं नाही. तो दवाखान्याच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

महानंदा संध्याकाळी घरी आली तेव्हा अखंड दिवा विझला होता. तेल घालायला कोणी नव्हतं. दीपमाला दारात उभी होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "दिवा गेला गं महानंदा. हे काय बरं लक्षण न्हाय."

महानंदानं हातपाय धुतले. वात सारखी केली, तेल घातलं, काडी ओढली.

"मी कुठं गेलते ते देवीला ठाव हाय," एवढंच म्हणाली.

दसऱ्यानंतर गुंडाप्पा आला. आता तोही थकला होता. त्यानं उरलेली जाळी, उरलेला थर आणि उरलेला मी, सगळा उतरवला. विटा उघड्या पडल्या तेव्हा काळ्या-हिरव्या झालेल्या दिसल्या. "ह्यांस्नी पयलं वाळू द्या," तो म्हणाला. हिवाळाभर ती भिंत उघडी राहिली. करिश्माचं लग्न त्या उघड्या भिंतीपुढंच झालं. मांडवात लोक कुजबुजले. परंड्याच्या पाहुण्यांनी एकदोनदा वर बघितलं. घोंगडं झालं नाही. अपुऱ्या सुताचा गुंडा करिश्मानं पिशवीत घालून सासरी नेला.

पुढं कठड्याच्या माथ्याला उतार दिला, पाणी भिंतीकडं न वळता खाली गळावं म्हणून खिडकीवर खाच पाडली, आणि साध्या सिमेंट-वाळूचा नवा गिलावा झाला. या वेळी वैजनाथनं पाईप लावून कठड्यापासून पायापर्यंत पाणी मारलं, सकाळ-संध्याकाळ, रजा काढून. मी खळग्यातून बघत होतो.

बिराप्पा वाचले. पण ओट्यावर आले नाहीत. आता आतल्या खाटेवर पडून असतात. सुरुवातीला थट्टा करायचे, आता तीही कमी झाली आहे. सकाळचं ऊन ओट्यावर येतं, रिकाम्या जागेवर बसतं आणि निघून जातं. मेंढरं दारावरून जातात तेव्हा ते मान वळवतात. मग पुन्हा छताकडं बघतात.

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे. भिंतीला चीर पडली तर तिच्यावर सुंदर कापड ओढू नका. आधी विचारा, पाणी कुठून येतं? नवा गिलावा झाला तर त्याला पोटभर पाणी द्या, शिडी लावून वरपर्यंत द्या. जुना झाला तर त्याला उघडं ऊन लागू द्या. अधूनमधून बोटानं वाजवा. तो ढब म्हणाला तर दसऱ्याची, दिवाळीची, पाहुण्यांची वाट बघू नका. आणि त्याच्याखाली कोण बसतं ते तेवढं लक्षात ठेवा.

परवा पुन्हा घट बसले. महानंदानं या वेळी घट भिंतीपासून लांब, पाटावर मांडला. रोज पहाटे आंघोळ झाली की ती आधी भिंतीवर तळवा ठेवते, ओल नाही ना बघते, आणि मगच देवीचा दिवा लावते. हा तिचा नवा नेम. दार उघडं असतं, म्हणून मला सगळं दिसतं, ऐकू येतं. आज दीपमाला आली, घटाकडं बघून चुकचुकली.

"अवंदा बारीकच आलाय गं तुझा घट. पिवळा पडलाय."

"मी घातलं तेवढ्याच पाण्यावर आलाय," महानंदा म्हणाली. "मला असाच पायजे हुता."

घट अजून उठायचे आहेत. दसऱ्याला आमच्याकडं पुरुष माणसं ते धान टोपीत, पटक्यात खोवतात. बिराप्पांचा पटका खाटेवरच्या खुंटीला टांगलेला आहे. मघाशी ते तिकडं बघत म्हणाले, "सूनबाई, दसऱ्याला माझ्या पटक्यात खवशील का? मी कुठं जाणार न्हाय, पण खव."

"खवते की मामा," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड फिरवून उभी राहिली. हात तिचा भिंतीवरच होता. भिंत कोरडी होती.